मोटारीचा श्वास आणि पेट्रोलची बचत

पेट्रोलच्या पंपावर गाडी उभी राहिली म्हणजे मालकाची दृष्टी फिरणाऱ्या आकड्यांवर खिळलेली असते. किती लिटर पडले आणि किती रुपये झाले, याचा हिशेब तो मनाशी करीत असतो. परंतु त्याच गाडीने मागील खेपेपासून आणखी एक पदार्थ पेट्रोलच्या सुमारे पंधरापट वजनाने घेतलेला असतो, आणि त्याची पावती कोणी देत नाही. हा पदार्थ म्हणजे हवा. एक किलो पेट्रोल पुरतेपणी जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलो भरते. म्हणजे प्रत्येक लिटरामागे इंजिन सुमारे ११ किलो, किंवा आकारमानाने पाहिले तर सुमारे ९,००० लिटर हवा आत ओढते. ४० लिटरांची टाकी रिकामी होईपर्यंत साडेतीन लाख लिटरांहून अधिक हवा त्या लहानशा वाटेने आत जाऊन बाहेर पडलेली असते.

पेट्रोल विकत घ्यावे लागते, हवा फुकट मिळते. तेव्हा हवेची वाट थोडी बदलून, तिचे प्रमाण थोडे वाढवून पेट्रोलचे काम हवेकडून करून घेता येणार नाही काय, हा विचार मोटार वापरणाऱ्याच्या मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. मोटारीच्या जन्मापासून हा विचार तिच्या मागे आहे. त्यातून काही उत्तम यंत्रे निर्माण झाली आणि काही निव्वळ भ्रमही निर्माण झाले. या दोहोंना वेगळे करणारी रेषा कशी सापडली, हाच या इतिहासाचा खरा विषय होय.

निकोलाउस ओटो या जर्मन संशोधकाने १८७६ साली चार टप्प्यांत चालणारे इंजिन सिद्ध केले. श्वास आत घेणे, तो दाबणे, त्यात ठिणगी टाकणे आणि जळालेला धूर बाहेर सोडणे, असे त्याचे चार टप्पे. त्याच तत्त्वावर कार्ल बेन्झ याने आपली तीनचाकी गाडी तयार केली आणि २९ जानेवारी १८८६ रोजी तिच्या पेटंटासाठी अर्ज केला. या गाडीत पेट्रोल फवारले जात नसे. एका भांड्यात हलके, उडून जाणारे इंधन ठेवलेले असे. त्याच्या पृष्ठभागावरून हवा जाई, जाताना वाफ बरोबर घेई आणि ते मिश्रण सिलिंडरात शिरे. ओल्या जमिनीवरून आलेला वारा जसा ओलावा घेऊन येतो, तशीच ही रीत होती. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेन्झची पत्नी बेर्था आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला याच जातीच्या गाडीतून गेली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. वाटेत इंधन संपले तेव्हा तिने व्हीसलोख गावातील औषधांच्या दुकानातून ते विकत घेतले, आणि इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या टाचणीने ती साफ केली. लांबच्या प्रवासातील पहिला अडथळा इंजिनाला मिळणाऱ्या खाद्याचा होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पृष्ठभागावरून वाफ उचलण्याच्या या पद्धतीत एक मूळचाच दोष होता. इंधनातील हलके अंश प्रथम उडून जात आणि जड अंश भांड्यात साचत. त्यामुळे निघताना मिळणारे मिश्रण एका प्रकारचे, तर तासाभराने मिळणारे अगदी दुसऱ्या प्रकारचे असे. ऊन, थंडी, रस्त्याचे हेलकावे, सर्वांचा परिणाम त्यावर होई. या अडचणीवर १८९३ साली दोन ठिकाणी स्वतंत्रपणे उपाय निघाला. बुडापेस्टमध्ये दोनात बांकी व यानोश चोंका यांनी आणि जर्मनीत डाइमलरचा सहकारी विल्हेल्म मायबाख याने पेट्रोलची वाफ करीत बसण्याऐवजी ते बारीक तोटीतून हवेच्या झोतात फवारावयाचे ठरविले. कार्बुरेटरचा खरा इतिहास येथून सुरू होतो.

त्यामागील शास्त्र मात्र जुने होते. वाहत्या द्रवाचा वेग वाढला की त्याचा दाब उतरतो, हे डॅनियल बर्नोली याने १७३८ साली दाखविले होते. नळी मध्येच अरुंद केली असता तेथे काय घडते, याचा अभ्यास जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ साली प्रसिद्ध केला होता. कार्बुरेटरचा गळा असाच अरुंद केलेला असतो. दट्ट्या खाली उतरताना हवा ओढली जाते, गळ्यात तिचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि बाजूच्या तोटीतून पेट्रोल आपोआप वर येऊन तिच्यात मिसळते. चालकाचा पाय या रचनेत पेट्रोलवर नसतोच. पायाखालील पट्टी थ्रॉटल नावाची झडप उघडते व मिटते. ती झडप हवेच्या वाटेत असते, आणि पेट्रोल हवेच्या मागोमाग जाते.

अडचण अशी की ते फार उत्साहाने जाते. साध्या तोटीच्या कार्बुरेटरात हवेचा ओघ वाढला की पेट्रोल प्रमाणाबाहेर वाढते, आणि ओघ मंदावला की ते अपुरे पडते. पुढील साठ-सत्तर वर्षांची कारागिरी मुख्यतः हा दोष झाकण्यात खर्च झाली. इंग्लंडमध्ये स्किनर बंधूंनी १९०५ च्या सुमारास एक सुरेख तोड काढली. हवेचा ओघ वाढेल तसा गळाच रुंद व्हावा आणि त्याबरोबर निमुळती सुई वर उचलली जाऊन पेट्रोलची वाटही तेवढीच मोकळी व्हावी, अशी त्यांची योजना होती. या बंधूंच्या घराण्याचा व्यवसाय पादत्राणांचा, आणि त्यांच्या पहिल्या कार्बुरेटरातील भाता कातड्याचा होता. ‘एस.यू.’ या नावाने तो प्रकार पुढे अनेक ब्रिटिश मोटारींत बसला.

या काळात हवा-पेट्रोलाच्या प्रमाणाचे गणितही निश्चित झाले. एका भागास १४.७ भाग हवा हे रसायनशास्त्राने सांगितलेले प्रमाण. परंतु पेट्रोल इंजिनाला जास्तीत जास्त जोर साडेबारा ते तेरा भाग हवेत, म्हणजे दाट मिश्रणात मिळतो, आणि जास्तीत जास्त काटकसर सोळा भागांच्या आसपास, म्हणजे किंचित विरळ मिश्रणात साधते. त्याहून फार विरळ केले तर ठिणगी पडूनही मिश्रण नीट पेटत नाही, गाडी अडखळते आणि वाचविलेले पेट्रोल वाया जाते. जुन्या कार्बुरेटरात दाट मिश्रणाकडे कल असे, कारण गाडी अडखळलेली कोणासच आवडत नाही. म्हणूनच त्या काळी हवेची वाट सुधारून पेट्रोल वाचविण्यास खरोखरच वाव होता. गावोगावचे मिस्त्री प्लग काढून त्याचा रंग पाहात. काजळी धरलेला काळा प्लग म्हणजे मिश्रण दाट, पांढरट पडलेला म्हणजे विरळ, आणि फिकट तपकिरी म्हणजे योग्य, हे त्यांचे शास्त्र अनुभवाचे होते आणि खरे होते. सकाळी ओढलेला चोक आत ढकलावयाचे विसरून दिवसभर गाडी हाकणाऱ्या चालकाला केवळ ती एक चूक सुधारून मोठी बचत होई. धुळीच्या रस्त्यांवर हवागाळणी तुंबे. गळ्याकडे जाणारी हवा रोखली गेल्याने मिश्रण दाट होई आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघे. तेलाच्या कुंडीची गाळणी धुणे, पुढे कागदी गाळणी झटकणे किंवा बदलणे, यांतून होणारी बचत थोडी असली तरी ती काल्पनिक नव्हती.

या छोट्या, खऱ्या बचतीच्या शेजारीच एका मोठ्या स्वप्नाचा जन्म झाला. कॅनडातील विनिपेग शहरी राहणाऱ्या चार्ल्स नेल्सन पोग या संशोधकाने १९३० ते १९३६ या काळात कार्बुरेटरची अनेक अमेरिकन पेटंटे मिळविली. त्याची कल्पना अशी की, पेट्रोलचे थेंब सिलिंडरात जाऊच द्यावयाचे नाहीत; इंजिनाच्याच उष्णतेने त्याची पूर्ण वाफ करून ती हवेबरोबर आत सोडावयाची. त्याच्या कार्बुरेटरावर एका गॅलनात दोनशेहून अधिक मैल गाडी चालते, अशा बातम्या पसरल्या. त्या काळी गॅलनास वीस-पंचवीस मैल हा चांगला पल्ला समजला जाई. पुढे हे यंत्र बाजारात आले नाही, तेव्हा तेलकंपन्यांनी ते दडपले अशी आख्यायिका तयार झाली, आणि ती आजही सांगितली जाते.

या आख्यायिकेची परीक्षा दोन प्रकारे करता येते. पेटंट म्हणजे दडविलेले गुपित नव्हे. ते छापून सर्वांस खुले केलेले वर्णन असते. अमेरिकेत त्या वेळी पेटंटाची मुदत सतरा वर्षांची होती. म्हणजे १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पोगची पेटंटे संपून त्याचे यंत्र बनविण्याची जगातील कोणालाही मुभा झाली होती. अनेकांनी तसे प्रयत्नही केले, परंतु स्वतंत्र कसोटीवर तो आकडा कोणासही दाखविता आला नाही.

दुसरी परीक्षा गणिताची. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ दशलक्ष जूल उष्णता असते. इंग्रजी गॅलनास दोनशे मैल म्हणजे लिटरास सुमारे ७१ किलोमीटर. या उष्णतेपैकी कणन् कण कामी आला असे धरले, तरी गाडी ओढण्यास सरासरी ४५० न्यूटन, म्हणजे सुमारे ४६ किलो वजनाएवढे बळ उपलब्ध होते. त्या काळच्या टनाहून जड आणि चौकोनी बांध्याच्या मोटारीस ताशी साठ-सत्तर किलोमीटरांच्या वेगाने हाकावयाचे तर वारा व रस्ता मिळून याहून अधिक बळ मागतात. म्हणजे इंजिनाने उष्णतेचा एक अंशही वाया जाऊ न देता हा पल्ला गाठता येणे कठीण. आणि उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही इंजिनास सर्व उष्णतेचे काम करता येत नाही, हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याच्या १८२४ मधील विवेचनापासून जगाला ठाऊक होते. प्रत्यक्षात पेट्रोल इंजिन पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढीच उष्णता कामी लावते.

पोगच्या आणि त्याच्यामागून आलेल्या शेकडो योजनांच्या मुळाशी एकच समज होता. पेट्रोलचा बराचसा भाग न जळताच बाहेर जातो. तेव्हा हवा नीट मिसळली की तो हाती लागेल, असा तो समज. परंतु धडधाकट व नीट जुळविलेल्या इंजिनात न जळता जाणारे पेट्रोल फारच थोडे असते. नुकसान होते ते जळून निर्माण झालेल्या उष्णतेचे. ती धुरावाटे आणि रेडिएटरवाटे निघून जाते. ज्या दरवाजाने धन जात नाही त्यालाच कुलूप लावण्यासारखा हा प्रकार होता. शिवाय पेट्रोलची गरम वाफ सिलिंडरात हवेची जागा अडविते, जोर कमी करते आणि इंजिन नॉक करू लागते. बेन्झच्या भांड्यातील वाफेची रीत मागे का पडली, याचा या शोधकांना विसर पडला होता.

जागेचे हे महत्त्व दुसऱ्या महायुद्धाने सर्वांना शिकविले. पेट्रोलची टंचाई झाल्यावर युरोपात आणि हिंदुस्थानातही कोळशाच्या गॅसवर बसगाड्या व मालमोटारी चालू लागल्या. गाडीच्या मागे किंवा बाजूला भट्टी आणि तीतून निघणारा गॅस नळीने इंजिनाकडे, असा तो थाट होता. गाड्या चालल्या, परंतु त्यांचा जोर जवळजवळ निम्मा झाला, चढावर त्या धापा टाकू लागल्या. हा गॅस जळण्यास जवळजवळ स्वतःएवढीच हवा पुरते. म्हणजे सिलिंडरातील निम्मी जागा तोच अडवितो, आणि त्याच्यात पेट्रोलएवढी ऊर्जा नसते. युद्ध संपताच ह्या भट्ट्या उतरविण्यात आल्या.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाची किंमत पिंपास सुमारे तीन डॉलरांवरून बारा डॉलरांच्या घरात गेली. त्याबरोबर हवेच्या वाटेत बसवावयाच्या उपकरणांचा बाजार भरभराटीस आला. कार्बुरेटरखाली जादा हवा सोडणारी छिद्रे, हवेला भोवऱ्यासारखी फिरविणारी पाती, वाफेच्या बाटल्या, असे नाना प्रकार विकले जाऊ लागले. प्रत्येकाच्या जाहिरातीत समाधानी ग्राहकांची पत्रे असत, आणि ती पत्रे बहुधा खोटी नसत. उपकरण बसविणारा मनुष्य त्याच दिवशी प्लग साफ करून घेई, चाकांत हवा भरून घेई आणि पुढील टाकीभर, उपकरणाचा गुण पाहावा म्हणून, जपून गाडी हाकी. बचत खरी होई. तिचे श्रेय मात्र चुकीच्या धन्याला मिळे.

अमेरिकेच्या काँग्रेसने १९७५ साली ऊर्जेसंबंधी जो कायदा केला, त्यात मोटारींच्या सरासरी पल्ल्याची मानके तर घातलीच, पण अशा उपकरणांची परीक्षा करून निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे कामही पर्यावरण संरक्षण संस्थेकडे सोपविले. परीक्षेची रीत साधी होती. गाडी प्रथम निर्मात्याच्या सूचनांप्रमाणे जुळवावयाची; तिची चाके रुळांवर फिरवून ठरलेल्या वेळापत्रकाने ती चालवावयाची; मग उपकरण बसवून तोच प्रयोग तसाच पुन्हा करावयाचा. वारा नाही, चढउतार नाही, चालकाची मर्जी नाही. शंभराहून अधिक उपकरणे या रीतीने तपासली गेली. फारच थोड्यांत किंचित लाभ दिसला. लक्षणीय बचत करणारे एकही सापडले नाही. काहींनी थोडे पेट्रोल वाचविले ते धुरातील विषारी वायू वाढवून. मालकाच्या खिशातील लाभ रस्त्यावरील सर्वांच्या फुप्फुसांतून वसूल होत होता.

याचा अर्थ हवेची वाट बदलणे निष्फळच, असा मात्र नव्हे. त्याच सुमारास जपानच्या होंडा कंपनीने ‘सी.व्ही.सी.सी.’ नावाचे इंजिन जगापुढे ठेवले. १९७२ साली जाहीर झालेल्या या रचनेत प्रत्येक सिलिंडराला एक लहान कोनाडा होता. त्या कोनाड्यात वेगळ्या झडपेतून दाट मिश्रण जाई आणि मुख्य भागात फार विरळ मिश्रण जाई. ठिणगीने दाट मिश्रण पेटे आणि त्याची ज्वाळा विरळ मिश्रणास पेटवी. एरवी न पेटणारे मिश्रण अशा रीतीने जळू लागले, आणि अमेरिकेची कडक प्रदूषणमर्यादा त्या इंजिनाने धूर शुद्ध करणारे निराळे पात्र न लावता पाळली. परंतु ही पाच-दहा रुपयांच्या जाळीची करामत नव्हती. त्यासाठी इंजिनाचे डोकेच नव्याने घडवावे लागले होते.

यानंतरचा टप्पा मोजमापाचा आला. बॉश कंपनीची पेट्रोल फवारण्याची विजेवर चालणारी पद्धत १९६७ साली फोक्सवागनच्या गाडीत बसली होती. १९७३ पासून आत येणारी हवा प्रत्यक्ष मोजून पेट्रोल ठरविणारा प्रकार निघाला. आणि १९७६ साली व्होल्व्होच्या गाडीत धुरातील प्राणवायू हुंगणारे संवेदक आले. आता इंजिन हवा मोजू लागले, त्याप्रमाणे पेट्रोल सोडू लागले आणि धूर तपासून आपली चूक क्षणोक्षणी सुधारू लागले. मिस्त्रीचे प्लग पाहण्याचे काम यंत्राने आपल्याकडे घेतले.

याचा एक परिणाम पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अशा गाडीत हवेची वाट मोकळी केली, तर संगणक अधिक हवा पाहून अधिक पेट्रोल सोडतो. अडविली, तर कमी सोडतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली तुंबलेल्या हवागाळण्यांवर प्रयोग केले. नव्या धर्तीच्या गाड्यांत गाळणी बदलल्याने वेग घेण्याची शक्ती सुधारली, पण पेट्रोलच्या खपात लक्षणीय फरक पडला नाही. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत मात्र काही टक्क्यांचा फरक पडतो. पूर्वजांचा अनुभव खोटा नव्हता. तो ज्या यंत्राविषयी होता ते यंत्र बदलले आहे. थंड हवेची नळी बसविण्याची हौसही अशीच पाहावी लागते. थंड हवा दाट असते, म्हणून पूर्ण जोराच्या वेळी शक्ती थोडी वाढते. पण शक्ती म्हणजे काटकसर नव्हे. उलट कोमट हवा विरळ असल्याने थ्रॉटल अधिक उघडावी लागते आणि हवा ओढण्याचे इंजिनाचे श्रम किंचित कमी होतात. परंतु हा लाभ अल्प असतो, आणि आपल्याकडील उन्हाळ्यात तो नॉकिंगच्या भीतीने उरतही नाही.

भारतात हा बदल उशिरा आणि न्यायालयाच्या रेट्याने झाला. दिल्ली परिसरातील नव्या मोटारींना युरोपीय मानके लागू करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९९ मध्ये दिला, आणि कार्बुरेटर मोटारींतून झपाट्याने हद्दपार झाला. दुचाकींत तो आणखी वीस वर्षे टिकला; १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा मानके देशभर लागू झाल्यावर तेथेही बहुतांशी फवारणीची पद्धत आली. तरीही जुन्या स्कूटरी व मोटारसायकली लक्षावधींच्या संख्येने रस्त्यांवर आहेत, आणि त्यांच्या मालकांना गाळणीची व जेटची निगा अजूनही फळ देते. देश आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था वर्षानुवर्षे तीच साधी शिकवण देत आली आहे: चाकांत योग्य हवा, वेळच्या वेळी निगा, ताशी ४५ ते ५५ किलोमीटरांचा संथ वेग, आणि सिग्नलपाशी इंजिन बंद.

या उपायांत चमत्कार नाही, म्हणून त्यांची जाहिरात आकर्षक वाटत नाही. परंतु बेन्झच्या भांड्यापासून संवेदकांपर्यंतच्या या वाटचालीत टिकले ते तेवढेच, जे मोजून पाहता आले आणि दुसऱ्या कोणालाही तसेच मोजून पाहता आले. दर काही वर्षांनी पेट्रोलचे भाव चढतात आणि दर वेळी हवेतून पेट्रोल काढण्याचे नवे उपकरण नव्या नावाने दाराशी येते. अशा वेळी सामान्य मालकाने विक्रेत्यास एकच प्रश्न विचारावा: हीच गाडी, हाच वेग, हीच वाट ठेवून, उपकरणासह आणि उपकरणावाचून, दोन्ही वेळा कोणी मोजले आहे काय? त्याचे उत्तर कागदावर मिळाले तर उपकरण पाहावे. न मिळाले तर ते पैसे चाकांतील हवा तपासण्यास आणि वेळेवर निगा राखण्यास पुरेसे होतात.